मोहरीएवढी अफू

पहिल्या पावसाळ्यातली माझी एक नोंद अशी आहे: ‘आज नऊ घरं केली. एक वर्षाच्या आतली मुलं नऊ. नऊही झोपलेली.’ वेळ सकाळी साडेदहाची. बाहेर पाऊस कोसळत होता, भातलावणी ऐन भरात होती, गावातली एकही धडधाकट बाई घरात नव्हती. आणि पाळण्यात, झोळीत, कुठे नुसत्या वाकळेवर ही मुलं गाढ झोपलेली. भुकेचं रडणं नाही, ओल्या दुपट्याची कुरकुर नाही. गुणी मुलं, म्हणून मी नोंदीपुढे बरोबरची खूण केली होती. वही उघडली की ती खूण अजून दिसते आणि अजून लाज वाटते.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. कोल्हापुरात मंगळवार पेठेत वाढले, वडील शाळामास्तर. नर्सिंगचं शिक्षण झालं आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गगनबावड्याच्या अलीकडच्या एका गावात माझी नेमणूक झाली. एक खोली, एक कपाट, मुलांना वजनाला टांगायची झोळी, एवढं माझं उपकेंद्र. डॉक्टर सात मैलांवरच्या आरोग्य केंद्रात. मला याद्या करायची सवय लहानपणापासूनची. पहिल्याच आठवड्यात मी घरांची, विहिरींची, गरोदर बायकांची आणि लहान मुलांची यादी पुरी केली.

माझ्याआधी तीस वर्षं गावात बाळंतपणं करणारी एक सुईण होती. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, मीही म्हणू लागले. बुटकी, काळीसावळी, गुडघ्याने अधू, आवाज मात्र दोन वाड्या पलीकडे पोचणारा. पहिल्या दिवशी माझ्या वहीत डोकावून तिने विचारलं, “नर्सबाई, ह्यात काय लिवतासा?”

“घरं, विहिरी, बाळंतिणी, लहान मुलं.”

“मंग माझा गुडगा बी लिवा की. दिसभर रडतोय, अन् कुणी घ्यायला न्हाय.”

लिहिला. ‘गुडघा, उजवा, सूज.’ तिला ते फार आवडलं. त्या दिवसापासून ती माझं बोट धरून, हसत माझ्याबरोबर घरोघर येऊ लागली, आणि पंधरा दिवसांत ‘नर्सबाई, तुमी’चं ‘पोरी, तू’ झालं.

नऊ घरांच्या त्या नोंदीनंतर चौथ्या दिवशी एका झोपलेल्या मुलाची पापणी मी वर केली, तर डोळ्यातली बाहुली सुईच्या टोकाएवढी. मी बॅटरी आणायला धावले, तर मावशी शांतपणे म्हणाली, “बॅटरी कशाला? अफू हाय.”

“अफू? एवढ्याशा बाळाला?”

“मंग कुणाला? आई चिखलात, आजी चिखलात, थोरली भन गुरामागं. पोरगं एकलं जागं ऱ्हायलं तर चुलीकडं सरकतंय. दोन सालामागं एक सरकलंतं.” त्या मुलाच्या घराकडे तिने नुसती हनुवटी उडवली.

अफू यायची ती तिच्याच घरातून. त्या काळी जुन्या अफूकरांना, दमा किंवा तसंच एखादं दुखणं असल्याचा डॉक्टरचा दाखला असेल तर, सरकारी परवान्यावर महिन्याला ठरलेली अफू मिळायची. नवे परवाने सहसा देत नसत. जुन्यांचं माप कमी करत न्यायचं, असं धोरण होतं. मावशीचा नवरा असा परवानाधारक. दम्याचा म्हातारा. दर महिन्याला एसटीने कोल्हापूरला जायचा, परवान्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि पुडी कोपरीच्या आतल्या खिशात घालून परत यायचा. लावणीच्या महिन्यात त्या पुडीतला थोडा भाग मावशी काढून घ्यायची. म्हातारा कुरकुरायचा, “गावची पोरं माझ्या जिवावर झोपत्यात, अन् म्या टक्क जागा!”

तिचे नियम होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नाही. सर्दी-खोकला असेल तर नाही. मोहरीएवढी, आईच्या दुधात, सकाळी एकदा. आणि दिली की लगेच बाळाच्या डाव्या तळव्याला काजळाचा ठिपका. शेतातून मध्येच घरी आलेल्या आजीने किंवा चुलतीने आधी तळवा बघायचा. ठिपका असला तर पुन्हा द्यायची नाही. दोघींनी दोनदा दिली म्हणून पूर्वी एक मूल गेलं होतं, त्यानंतर हा ठिपका तिने सुरू केला होता. मला हे सगळं भयंकर वाटलं. पण शिकलेल्या माणसाने लिहावी तशी ही पद्धत होती, हेही मला नाकारता येईना.

“मावशी, हे थांबायला हवं.”

“थांबीव की. तू येतीस का पोरं सांभाळाय?”

“पाळणाघर मागू. लावणीचे दोन महिने, एक बाई, एक खोली. मी अर्ज करते.”

“सरकार झोळी हालवतंय व्हय?” ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, “बघ लिवून. लिवायला काय जातंय!”

सुगीनंतर मी अर्ज लिहिला. चार पानं, कार्बन घालून, तीन प्रती. मागे तक्ता जोडला: घर, मुलाचं वय, अफू देतात का, कोण देतं, कुठून मिळते. शेवटच्या रकान्यापाशी मी थांबले होते, हे मला स्पष्ट आठवतं. तो रिकामा ठेवता आला असता. पण रिकामा रकाना म्हणजे अर्धवट काम, आणि अर्धवट कामावर मंजुरी कोण देणार? मी सतरा ओळींत सतरा वेळा तेच उत्तर सुवाच्य अक्षरात लिहिलं. डॉक्टरांनी अक्षराचं कौतुक केलं आणि सही केली.

पाळणाघराबद्दल काहीच उत्तर आलं नाही. अर्ज कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर गेला कुणास ठाऊक. पुढच्या ज्येष्ठात, भाताच्या रोपांचे तरवे लावायच्या बेताला आले असताना, गावात जीप आली. भलत्याच कचेरीचे एक साहेब उतरले. त्यांच्या हातात माझा तक्ता होता. ते थेट मावशीच्या घरी गेले, पुडी ताब्यात घेतली, परवाना जप्त केला. परवान्यावरची अफू दुसऱ्याला देणं गुन्हा आहे, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. कायद्याने ते बरोबर होते आणि बोलायलाही सभ्य होते. जाताना मला म्हणाले, “अशी यादी आमच्या माणसांनासुद्धा जमत नाही हो, नर्सबाई.”

दारात उभ्या असलेल्या मावशीने ते ऐकलं. मी पुढे झाले तेव्हा ती एवढंच म्हणाली, “या आता तुमी.”

त्या ‘तुमी’ने मला जितकं लागलं तितकं आयुष्यात दुसऱ्या कुठल्या शब्दाने लागलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्याला जांभया सुरू झाल्या. मग नाक-डोळे गळू लागले, अंगावर काटा, पोटात मुरडा, पायांत गोळे. तो ओरडायचा ते ओढ्यापर्यंत ऐकू यायचं. मी मीठ-साखरेचं पाणी करून तांब्या घेऊन गेले. दार उघडलं नाही. तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला आणि परत आले. संध्याकाळी तो तिथेच होता, भरलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला. तिसऱ्या दिवशी तो रिकामा होऊन पालथा घातलेला दिसला, तेव्हा मला रडू आलं.

मी डॉक्टरांकडे गेले. ते वैतागले. “तीस वर्षांची अफू अशी फटकन तोडतात होय? ती जिन्यानं उतरवायची असते, गच्चीवरनं ढकलायची नसते.” त्यांनी दाखला लिहिला, कमी मापावर परवाना परत द्यावा असं पत्र लिहिलं. पत्राला वेळ लागणार होता, आणि लावणी कुणासाठी थांबत नाही.

मुलं तशीच होती, चिखल तसाच होता, फक्त मावशीची मोहरी बंद झाली होती. आठवडी बाजाराला एक परका माणूस यायला लागला. पानात गुंडाळलेला काळा, चिकट माल तो लपवून विकायचा. हे मला फार नंतर कळलं, कारण मला आता कोणी काही सांगत नव्हतं. मी गल्लीत शिरले की दारं लागायची. बाळ कुठाय विचारलं की उत्तर तयार: “मामाच्या गावाला गेलंय.” ऐन लावणीत अख्ख्या गावाची बाळं मामाकडे गेली होती! माझ्या वहीत त्या दोन आठवड्यांत काहीही नाही, नुसत्या तारखा.

मग एका दुपारी बाराच्या सुमाराला मावशी आली. डोक्यावर इरलं, इरल्याखाली फडक्यात गुंडाळलेली आठ महिन्यांची पोरगी. मागे पोरीची आई, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. घरी तिची सासू तिला अडवत होती: नर्सबाईकडे नेशील तर नाव लिहील, जीप येईल, नवऱ्याला नेतील. मावशीने त्या घरातून पोरगी उचलून आणली होती.

“वही कुठाय?” तिने आत येताच विचारलं.

वही माझ्या हातातच होती. ती तिने ओढून घेतली, जमिनीवर टाकली आणि आपला दुखरा गुडघा सावरत तिच्यावर बसली. “हं. आता लाव पोरीला हात.”

पोरीचे ओठ निळसर होते. छाती हलायची, मग थांबायची, आणि मी घड्याळाकडे बघत राहायची की पुढचा श्वास येतोय का. डाव्या तळव्याला काजळाचा ठिपका होता. म्हणजे नियमाप्रमाणे एकदाच दिली होती, मोहरीएवढीच. माल मात्र नियमातला नव्हता. आमच्याकडे उतारा असं काही औषध नव्हतं. पोरीचं नाक-तोंड माझ्या तोंडात धरून मी अलगद फुंकर घालू लागले. मावशी तळव्यांवर टिचक्या मारत होती आणि सगळं गाव ऐकेल अशा आवाजात हाका मारत होती, “ऊठ गं बये! ऊठ की! एवढ्यात कुटं चाललीस!”

साडेबाराची कोल्हापूरची एसटी खोलीसमोरून जायची. पोरीच्या आईने रस्त्याच्या मधोमध उभं राहून ती थांबवली. ड्रायव्हरने एकदा आत वळून पाहिलं आणि पुढचे थांबे घेतलेच नाहीत. कुणी उतारू कुरकुरला नाही. मी फुंकर घालायची, दमले की पाच-सहा श्वास मावशी घालायची. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, मला बघून ती शिकली. कळे गाव मागे पडल्यावर पोरीने हात झाडला, आणि थोड्या वेळाने ती रडली. आधी बारीक, मग चांगली टाहो फोडून. इतका वेळ झोपलेला, काही ठाऊक नसलेला एक पावणा पुढच्या बाकावरून म्हणाला, “ओ, गप करा की पोराला.”

“रडू दे तिला!” मावशी गरजली. “तिकीट काढलंय आमी!”

पोरगी तीन दिवस कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात राहिली आणि वाचली. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात आम्ही दोघी चहा पीत बसलो होतो. मी म्हटलं, “मावशी, माझं चुकलं.”

“चुकलंच की.” तिने चहा फुंकला. “तुझ्या वहीनं म्हातारा लोळला, पोरगी मरता मरता ऱ्हायली. माझं बी चुकतच आलंतं म्हन. फकस्त पोरं दांडगी निघाली.” ‘तू’ परत आलं होतं, पण तिचं बोट धरून हसणं अजून यायचं होतं.

गावात परतल्यावर आम्ही मंजुरीची वाट पाहिली नाही. शाळेच्या व्हरांड्यात तुळईला जुनी लुगडी बांधून पाच झोळ्या केल्या. मावशीचा गुडघा चिखलात चालत नव्हता, झोळी हलवायला चालत होता. गावातल्या आणखी एका म्हातारीला तिने धरून आणलं. पहिल्या दिवशी दोनच मुलं आली, त्यातली एक तीच पोरगी. आठवड्यात सात झाली. गुरुजींची तक्रार आली की रडण्यात पाढे ऐकू येत नाहीत. मावशीने त्यांना सांगितलं, “गुर्जी, तुमी जोरात म्हना की. पोरं बी शिकतील.” मी दूध पाजायला आयांनी कधी यायचं त्याच्या वेळा ठरवल्या आणि शेतांच्या अंतराप्रमाणे पाळ्या लावल्या. याद्यांचा उपयोग असा असतो, हे मला तेव्हा कळलं. आणि पारावर सगळ्यांसमोर मी शब्द दिला: मूल घेऊन जी येईल तिला आधी काही विचारणार नाही, नंतर विचारलेलं कुठे पाठवणार नाही. त्या पावसाळ्यात मामाच्या गावाला गेलेली बाळं एकेक करून परत आली.

म्हाताऱ्याचा परवाना दोन महिन्यांनी परत मिळाला, निम्म्या मापाचा. पुडी मावशीच्या ताब्यात. दर पंधरा दिवसांनी ती गोळी आणखी थोडी कापायची, आणि नवरा-बायकोत बाजारासारखी घासाघीस चालायची.

“आज एवढीच?”

“एवढीच.”

“कालची ह्याच्यापेक्षा थोर हुती.”

“काल तुमी बी थोर हुता. ऱ्हावा गप.”

मधे दोनदा तो ढासळला. एकदा कोल्हापुरातच त्याने महिन्याची अर्धी पुडी संपवली आणि झिंगून परत आला. मावशीने दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. तिसऱ्या वर्षी म्हातारा आपणहून कचेरीत गेला आणि परवाना परत करतो म्हणाला. तिथला कारकून गोंधळला. परवाना मागायचा अर्ज होता, नूतनीकरणाचा होता, जप्तीचा होता. परत करणाऱ्याचा अर्जच नव्हता. शेवटी साध्या कागदावर लिहून घेतलं. म्हातारा ही गोष्ट पुढे दम लागेपर्यंत सांगायचा.

ऐंशीच्या दशकात मी कोल्हापुरात दवाखान्यात होते, तेव्हा शहरात गर्द आली, अफूपासूनच केलेली नशेची पूड. रिक्षातून पोराला आणणाऱ्या आया फाटकाबाहेरच थांबायच्या, आत पोलीस असतील म्हणून. मी बाहेर जायची. त्यावरच्या बैठकांना मला बोलवत. तिथे धोरणाची भाषा मोठी असायची. माझं म्हणणं दर वेळी तेच आणि एवढंच असायचं: आणणाऱ्याला भीती वाटली की माणूस उशिरा येतो, आणि एकदम तोडलेला माणूस दुसरीकडून घेतो. कुठे शिकलात, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, एसटीत.

पण मला आठवत राहतं ते त्याच्या आधीचं. माझी बदली कोल्हापूरला झाली, लग्न झालं, मुलगी झाली. म्हातारा तोवर दम्याने गेला होता. मी पत्र टाकलं, आणि बाळाला न्हाऊमाखू घालायला मावशी मंगळवार पेठेत येऊन राहिली. तीन महिने. सकाळी ती बाळाला पायांवर घेऊन तेल चोळायची आणि साऱ्या गल्लीची खबर माझ्यापर्यंत पोचवायची. रजा संपली त्या सोमवारी मी साडी नेसून, डबा घेऊन दारात उभी राहिले आणि पाय निघेना. मावशीने ते पाहिलं.

“भ्या वाटतंय व्हय? माझ्याकडं पोरगी ठेवाय?”

“नाही.”

“खरं सांग.”

“मावशी, जगात दुसऱ्या कुणाकडे ठेवली असती तर भीती वाटली असती.”

तिने माझं बोट धरलं, खूप वर्षांपूर्वी गल्लीतून फिरताना धरायची तसं, आणि हसली. मग डबा माझ्या हातात नीट दिला. “जा. एसटी न्हाय, पन उशीर व्हतोय.”

त्या महिन्याभरात मी जितकी निर्धास्त कामाला गेले तितकी पुन्हा कधी गेले नाही. घरी आले की मुलगी जागी असायची, ओरडत, लाथा झाडत, आणि मावशी तिच्याशी भांडत असायची. मला वाटलं, आता हे असंच राहील. मागची खोली तिला द्यायची, जिना नाही म्हणजे गुडघ्याला बरं, अशी मी मनातल्या मनात व्यवस्थाही लावली होती.

ज्येष्ठ संपत आला तशी ती पिशवी भरू लागली.

“लावणी आली.”

“मावशी, तिथं दुसरी म्हातारी आहे की. तुमचा गुडघा असा. राहा ना इथंच.”

“ती झोपती गं दुपारची. पोरं कोन बघनार?”

“आणि माझी?”

माझा आवाज बावीस वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. तिने पिशवीची गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. “तुझी एक हाय,” ती म्हणाली. “तिथं चौदा हाईत.”

रंकाळा स्टँडवर मी तिला गगनबावड्याच्या गाडीत बसवलं, खिडकीजवळ, गुडघा लांब करता येईल अशा बाकावर. त्यानंतर ती पुन्हा राहायला आली नाही. लावणी झाली की भांगलण, मग सुगी, मग कुणाचं तरी बाळंतपण. मी दोनदा जाऊन आले. तिसऱ्या खेपेला जायचं ठरवलं होतं तेव्हा जायचं कारण उरलं नव्हतं. इतकी वर्षं झाली, मागची खोली अजून मी कुणाला दिलेली नाही. ते पाळणाघर मीच मागितलं होतं, चार पानं लिहून, तीन प्रतींत; आणि ते मिळाल्याचा आनंद खरा असूनही, जून संपत आला की वाटतं, एकाच वर्षी, एकदाच, तिने त्या चौदांना रडू द्यायला हवं होतं आणि माझ्याकडे राहायला हवं होतं.